टाकीच्या पायपाला बांधलेलं तोर्मेंतुम

लॅटिन मला येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण कोशाच्या संपादकबाईंना मी ते सांगितलं नव्हतं. थोडं फ्रेंच येत होतं. कॉलेजात एका मुलीच्या मागे मागे त्या वर्गात जाऊन बसलो होतो, तेवढं. पुढे मुलगी वर्ग सोडून गेली आणि फ्रेंच माझ्या गळ्यात राहिलं.

त्या भांडवलावर मी परदेशी शब्दांच्या वंशावळी लिहायचं काम पत्करलं होतं. नोकरी गेलेली, गिरगावातली खोली विकून मीरा रोडला घेतलेला फ्लॅट नवा, आणि दिवसभर घरात बसलेला नवरा बायकोला जितका खुपतो त्याहून जास्त स्वतःला खुपतो. तेव्हा कोणी विचारलं, "काय करता?" तर "कोशाचं काम करतोय" असं सांगता यायचं. समोरचा माणूस गप्प व्हायचा. त्याला कोश म्हणजे रेशमाचा वाटायचा की कसं, मी कधी खोलात गेलो नाही.

आणि माझ्या वाट्याला आला 'तोर्मेंतुम'.

हा लॅटिन शब्द. मूळ अर्थ पिळणं. रोमन लोकांचं किल्ल्याला वेढा घालायचं एक यंत्र होतं, दगड फेकायचं. त्यात जाड दोरांचा एक जुडगा असायचा. तो पीळ देऊन देऊन इतका घट्ट करायचा, की त्यात खोचलेला लाकडी दांडा झेप घ्यायला टपून बसायचा. दांडा मागे ओढून अडकवायचा, टोकाशी दगड ठेवायचा आणि अडकण काढायची. दगड तटबंदीवर. या यंत्राला म्हणायचे तोर्मेंतुम. माणसांना पिळायच्या यंत्रालाही तेच नाव. मग साम्राज्य गेलं, यंत्रं गेली, शब्द मात्र पोराबाळांनिशी उरला. इटालियनमध्ये तो झाला यातना. फ्रेंचमध्ये त्याची दोन पोरं, एक मनस्ताप आणि एक बर्फाचं वादळ. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांकडे त्याचं झालं तुफान, समुद्रावरचं. म्हणजे ज्या पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला बांधला, उत्तनच्या किनाऱ्याला होड्या लावल्या, ते वारा फिरला की याच यंत्राचं नाव घेऊन ओरडत असणार. यंत्र कोणाच्याच लक्षात नाही. यातना आणि वादळ तेवढं सगळ्यांनी वाटून घेतलं.

मला हे फार सुंदर वाटलं होतं. बाईंना वाटलं नाही. त्यांनी माझा मजकूर दोनदा परत पाठवला. "वादळं खूप झाली," त्या फोनवर म्हणाल्या, "यंत्र डोळ्यांसमोर उभं राहत नाही. ते उभं करा. नाहीतर हा शब्द मी दुसऱ्या कोणाला देते."

ते उभं करा, असं बाई म्हणाल्या. मी केलं. गच्चीवर.

आता गच्चीचं सांगायला हवं. आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, आणि गच्चीवर दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या, एकमेकींना जोडलेल्या. त्यांच्या पोटाखालून निघालेला एक जाड पांढरा पाइप गच्चीच्या कडेपर्यंत जायचा. या पायपावर आमच्या सोसायटीचा सगळा संसार बांधलेला होता. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या त्याला, केबलवाल्याच्या वायरी त्याला, कोणाची तरी कुंडी त्याला. गच्चीवर काहीही बांधायचं झालं की हात आपोआप त्या पायपाकडे जायचे. कारण दुसरं काही नव्हतंच. कठड्याला गज नव्हते, बिल्डरने ते नकाशातच ठेवले होते.

आणि महिना मे. कुठली तरी मोठी लाइन फुटली होती, म्हणून नळाला पाणी नव्हतं. एरवीही एक दिवसाआड यायचं, आता तेही नाही. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या मुलीचं लग्न. काका मूळचे रत्नागिरीकडचे, गोदीतून रिटायर झालेले, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी काशिमिऱ्यापर्यंत स्वतः जाऊन, एकेका टँकरवाल्याच्या हाता-पाया पडून पाणी आणवलं होतं. खालच्या टाकीला गळती, म्हणून सगळंच्या सगळं पंपाने वर चढवलेलं. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात गावाहून आलेले पाहुणे झोपलेले, आमच्याही हॉलमध्ये काकांच्या दोन मावश्या. त्या दिवशी संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर लग्न. या सगळ्यासाठी पाणी होतं ते एवढंच, आमच्या डोक्यावर, त्या दोन टाक्यांमध्ये. काका दर तासाला वर येऊन टाकीत काठी बुडवून बघायचे, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे.

दुपारची जेवणं आटपली, काका खाली मांडवात अडकले, आणि मी माझं सामान गच्चीवर नेलं.

यंत्राचा सांगाडा म्हणजे आमच्या जुन्या दिवाणाची चौकट. दांडा फावड्याचा. टोकाला सुतळीने बांधलेला बायकोचा वरणाचा डाव, जो ती दोन दिवस शोधत होती. दोर होड्यांना वापरतात तो निळा नायलॉनचा, उत्तनच्या मासळीवालीकडून मागून आणलेला. तिने विचारलं होतं, "कशाला रं दादा, फास घेतोस काय?" मी हसलो होतो. पीळ द्यायला दोन्ही बाजूंना एकेक लाटणं. त्यातलं एक काकांच्या घरचं, हळदीच्या गडबडीत आमच्याकडे आलेलं. आणि शत्रूवर टाकायला दगड नको म्हणून एक बटाटा. बटाटाही पोर्तुगीजांनीच आणलेला, तेव्हा मला ते योग्य वाटलं.

पहिल्या फेरीला सगळी चौकटच पुढे घसरली आणि बटाटा माझ्याच पायावर पडला. म्हणजे चौकट मागून कुठेतरी बांधायला हवी होती. माझे हात कुठे गेले असतील हे मी सांगायची गरज नाही.

मग मी लाटण्यांना आणखी पीळ दिला. नायलॉन करकरायला लागला तरी दिला. लाटणी खिळ्यांनी अडवली. दांडा मागे ओढला, आडव्या पट्टीला लावलेल्या कडीत अडकवला, डावात बटाटा ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. दोन हजार वर्षांत मीरा रोडवर हे कोणी केलं नसणार.

तेवढ्यात कडीचा एक स्क्रू निघाला.

माणसाला कधी कधी बुद्धीच्या आधी हात सुचतात. मी झेपावून दोन्ही हातांनी दांडा दाबून धरला, गुडघे टेकून. कडी लोंबकळत होती. आणि त्या स्थितीत, दांड्याच्या टोकाशी नाक लावून, माझी नजर चौकटीवरून मागच्या दोरावर गेली, दोरावरून पांढऱ्या पायपावर, आणि पायपावरून त्या दोन काळ्या टाक्यांवर.

मी सोडलं असतं तर दांडा चौकटीवर आदळला असता. चौकट उसळली असती. आणि पाइप टाकीच्या जोडाजवळच मोडला असता, व्हॉल्व्हच्याही अलीकडे, म्हणजे बंद करायलाही काही उरलं नसतं. बटाटा गेला खड्ड्यात.

ओरडलो. खाली मांडवात बँडवाले ताल धरून बघत होते. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. फोन होता, शर्टाच्या खिशात. शर्ट होता दोरीवर, उकाड्याने काढून वाळत घातलेला, माझ्यापासून हातभर लांब. मला दोनच हात होते आणि दोन्ही गुंतलेले.

अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. मी इटालियनपासून सुरुवात केली. इटालियन अर्थ मला दंडात कळला. फ्रेंच अर्थ पोटात. मघापर्यंत हे शब्द माझ्यासाठी चुलत भावंडं होती, एका घरातून निघून वेगवेगळ्या गावी गेलेली. आता ती सगळी एकदम माझ्याकडे मुक्कामाला आली होती. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसता येत नव्हता. काकांनी टँकरवाल्यासमोर जोडलेले हात मला दिसत होते, कारण मी त्यांच्याबरोबर गेलो होतो आणि बाजूला उभा राहून पाहत होतो. ती मुलगी दिसत होती, अंगभर हळद आणि नळाला नुसता वारा. मला खरोखर रडू यायला लागलं. पण रडताना अंग सैल पडतं, म्हणून तेही आवरलं.

तेवढ्यात शर्टाच्या खिशात फोन वाजला. वाजून बंद झाला.

शेवटी बायको आली ती कुरडयांसाठी. पलीकडे तिने साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या उलटायला. दारातच थांबली.

"हा माझा डाव," ती म्हणाली.

"अगं, आधी इकडे ये."

"दोन दिवस मी त्या मावशींवर संशय घेतेय."

"टाकी फुटेल. पाइप फुटेल. मी हात काढला तर सगळं पाणी जाईल."

तिने चौकट बघितली, दोर बघितला, पाइप बघितला. आमच्या संसारात मला तिचा हा गुण नेहमी महागात पडलाय, तिला लगेच कळतं. ती जवळ आली, डावातला बटाटा उचलून पदराला पुसला आणि बाजूला ठेवला.

"हा तर वाचला," ती म्हणाली. "आता पाण्याचं काय?"

ती मागच्या गाठीला भिडली. कुरडयांचा सोऱ्या पिळून पिळून तिच्या बोटांत माझ्या दुप्पट ताकद आहे, पण ती गाठ मी बांधलेली आणि वर यंत्राने ओढलेली. हलेना.

"सुरी लागेल," ती म्हणाली. "आणि सुऱ्या सगळ्या खाली. अख्ख्या बिल्डिंगच्या सुऱ्या कांद्यावर बसल्यात."

"आण मागून."

"काय सांगून मागू? नवरा वर किल्ला लढवतोय म्हणून?"

"काकांना सांगू नको फक्त."

ती गेली आणि काकांना घेऊन आली. तिचंही चुकलं नाही. सुरी काकांच्याच हातात होती, नारळ सोलून झाल्यावरची, आणि ते म्हणाले होते, कशाला हवीय ते सांग.

नवीन सदरा, कपाळाला कुंकू, हातात कोयता म्हणावा एवढी सुरी. काका माझ्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ते ओरडतील, आणि ते बरं होईल. ते ओरडले नाहीत.

"अरे मेल्या," ते अगदी हळू म्हणाले, "काय मांडलंयस हे?"

"काका, तोर्मेंतुम."

"काय तुंम?"

"रोमन लोक किल्ला फोडायला—"

"फोडलास?"

"अजून नाही."

"मग सोडू नकोस," काका म्हणाले आणि पायपाजवळ उकिडवे बसून दोर कापायला लागले. नायलॉन तो. एकेक धागा सुटत होता आणि प्रत्येक धाग्याला माझ्या तळहाताखाली दांडा थरथरत होता.

बायकोला तोवर युक्ती सुचली. तिने कपड्यांची एक दोरी सोडवली आणि दांड्यावरून, चौकटीच्या दोन्ही बाजूंना गुंडाळून आवळली. पुन्हा गुंडाळली. दांड्याचा जोर माझ्या हातांखालून किंचित कमी झाला. किती बरं वाटलं म्हणून सांगू. खांद्यातून कोणीतरी सळ्या ओढून काढल्यासारखं.

"धरतंय," मी म्हणालो.

"हात काढू नकोस," काका न बघता म्हणाले. "अर्धा राहिलाय."

आणि पुन्हा फोन वाजला. बायकोने खिशातून काढून नाव बघितलं. "तुमच्या कोशाच्या बाई."

इथे मी काय केलं ते लिहितो. न लिहून काही उपयोग नाही, काका ते येईल त्याला सांगतात. बाई तो शब्द दुसऱ्याला देणार होत्या. माझ्यासमोर तोर्मेंतुम साक्षात उभं होतं. आणि पिळलेल्या दोराच्या शक्तीबद्दल त्या गच्चीवर सगळ्यांत जास्त वाचन माझं होतं. कपड्यांची दोरी हे धरेल, असं मी त्या वाचनाच्या जोरावर ठरवलं. एक हात काढून फोन घेतला. दांडा जागेवर राहिला. म्हणून दुसराही काढला.

"हं," बाई म्हणाल्या, "यंत्राचं कुठपर्यंत आलं?"

"बाई, अगदी शेवटच्या टप्प्यात—"

प्लास्टिकची दोरी तुटली नाही. ताणली गेली. रबरासारखी, आरामात, आणि मग तिच्यातून दांडा निघाला. आवाज फार मोठा झाला नाही. चौकट उडाली, डाव कुरडयांवर जाऊन पडला, अर्धा कापलेला दोर एकदाच ताडकन ओढला गेला, आणि जोडाजवळून टक् असं झालं. नखाने शेंग फोडावी तसं. मग पाणी.

काकांनी सुरी टाकली आणि दोन्ही तळवे त्या जागी दाबले. बोटांमधून पाणी त्यांच्या नव्या सदऱ्यावर उडत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला अजून आठवतो. त्यात राग नव्हता. आता काय करू, असं ते मला विचारत होते. मला.

मी बनियन काढून जोडाभोवती गुंडाळला आणि त्यांचे हात बाजूला करून माझे दाबले. "काका, खाली जा. जे भांडं असेल ते वर आणा. मी सोडत नाही."

"तू?" काका म्हणाले. पण गेले.

बायको टाकीच्या झाकणाशी चढली. आणि मग जिन्यातून बायका येऊ लागल्या. खाली हळद कुटणं, कालवणं चालू होतं, तशाच उठून आल्या होत्या, सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिवळे. कळश्या, टोप, परात, पिंप, कुकरचं भांडं, कोणाच्या हातात चक्क प्रसादाचा तांब्या. गावाकडच्या विहिरीवर उभ्या राहाव्यात तशी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत माळ लागली. वरून भरलेलं खाली, खालून रिकामं वर. प्रत्येक भांड्यावर हळदीची बोटं उमटलेली. जाता-येता माझ्याकडे बघत होत्या. आमच्या हॉलमधली एक मावशी दुसरीला म्हणाली, "ह्योच तो, दिवसभर घरात असतो तो." माझ्या बनियनमधून पाणी गळत होतं, माझ्या कोपरांवरून गच्चीवर, गच्चीवरून भिंतीवर. निम्मं तरी गेलं असेल. मी दाबून धरलं होतं, पण निम्मं गेलं.

मग ती आली. काकांची मुलगी. तिला कोणी येऊ दिलं कसं, कोण जाणे. गालांना, हातांना हळद लागलेली, केस बांधलेले. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि मी मान खाली घातली. सॉरी म्हणायचं होतं, पण त्या शब्दाने एक तांब्याही भरला नसता.

"दादा," ती म्हणाली, "हात सोडून दाखवा बघू."

मी वर बघितलं. तिने दोन्ही हातांनी माझ्या गालांना हळद फासली, मग कपाळाला, मग नाकाला, सावकाश, कुठे राहिलं का बघत. मला हलता येत नव्हतं. मागच्या बायका हसायला लागल्या. ती हसली नाही. तिचे डोळे भरलेले होते, हे मला इतक्या जवळून दिसलं. मग ती एक कळशी उचलून माळेत उभी राहिली. आईने ओढून नेलं तिला.

टाकी रिकामी झाल्यावर मी हात काढले. बोटं सरळ व्हायला वेळ लागला.

काकांनी वाचलेल्या पाण्याची वाटणी केली. स्वयंपाकाला काय ते आचाऱ्यापाशी. पिण्याचं वेगळं. आणि दोन कळश्या मुलीच्या आंघोळीच्या. त्या दोन त्यांनी जिन्यात आपल्या दारासमोर ठेवल्या आणि बाजूला स्टूल टाकून बसले. हळद झाली. मुलीने त्या दोन कळश्यांत आंघोळ केली. बाकी कोणालाही हात धुवायलाही मिळालं नाही. गावाहून आलेली सगळी माणसं कोरड्या फडक्याने हळद पुसत बसली आणि हळद काही पुसली जात नाही, ती पसरते.

दुसऱ्या दिवशी हॉलवर मुलीकडचे झाडून सगळे पिवळे. साड्या जरीच्या, हात पिवळे, कानांच्या मागे पिवळं, काकांच्या टोपीखाली पिवळं. मुलाकडचे ठाण्याचे, एसी हॉलला सरावलेले. त्यांच्यातली एक आत्या बराच वेळ बघत होती. शेवटी तिने काकांना विचारलंच, "तुमच्यात हळद सगळ्यांनाच लावतात का हो?"

मी काकांच्या मागेच उभा होतो, सगळ्यांत पिवळा. माझ्या पोटात पुन्हा तो फ्रेंच अर्थ जागा झाला. आता एवढंच बाकी होतं, लग्नाच्या मांडवात काकांना पाण्याची गोष्ट सांगावी लागणं.

"सगळ्यांनाच," काका म्हणाले. "आणि लग्न लागेपर्यंत कोणी धुवायची नाही. आमच्याकडं असंच असतं."

"अगंबाई," आत्या म्हणाली, "किती छान."

ती गेल्यावर काका माझ्याकडे वळले. माझे हात धरून उलटे केले, तळव्यांवरचे फोड बघितले. मग सोडून दिले.

"तुझं ते लिहून झालं का?"

"नाही, काका."

"मग लिही. घरात बसून लिही."

मी लिहिलं. यंत्राचं वर्णन बाईंना पसंत पडलं, डोळ्यांसमोर उभं राहिलं म्हणाल्या. मनस्तापाचं आणि वादळाचं त्यांनी कापलं. पायपाला नवीन जोड बसला, त्याला आता कोणी काही बांधत नाही. आणि गच्चीची चावी काकांनी माझ्याकडून मागून घेतली. चावी हा शब्दही पोर्तुगीजांचाच, हे मी त्यांना सांगायला गेलो होतो. त्यांनी हात पुढे केलेला तसाच ठेवला, मी चावी ठेवेपर्यंत.